फिक्स्ड ब्लेड की घडीचा चाकू? स्वसंरक्षणासाठी निवड कशी करावी

चाकू घ्यायचा ठरला की बहुतेक माणसं पात्यापासून सुरुवात करतात. लांबी किती, पोलाद कोणतं, टोक कसं, दिसायला कसा. घरकामाचा किंवा भटकंतीचा चाकू घेताना हा क्रम चालून जातो. पण मनात स्वसंरक्षण असेल तर क्रम अगदी उलटा हवा. आधी कायदा, मग तो दिवसभर अंगावर कुठे राहणार, मग गरज पडली तर किती वेळात हातात येणार, आणि पात्याचा विचार सगळ्यात शेवटी. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली की फिक्स्ड ब्लेड (न मिटणाऱ्या पात्याचा) की फोल्डिंग (घडीचा) हा वाद बहुतेक आपोआप मिटतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. निव्वळ अवजार म्हणून बघितलं तर फिक्स्ड ब्लेड जवळजवळ प्रत्येक बाबतीत सरस आहे. त्यात हलणारा भाग नाही, त्यामुळे मोडायला किंवा अडकायला काही नाही. तरीही बहुतेक वाचकांना मी घडीचा चाकूच घ्या म्हणेन, आणि तोसुद्धा आधी रोजच्या कामाचं साधन म्हणून. घरी कपाटात राहणारा उत्तम चाकू संकटाच्या वेळी कोणाच्याच उपयोगाचा नसतो, आणि कायद्यात न बसणारा चाकू तर संकट वाढवतो.

चाकूकडून काय अपेक्षा ठेवायची

हा भाग गाळून पुढे जाऊ नका, कारण निवडीचा पाया इथेच आहे.

चाकू फक्त हाताच्या अंतरावर काम करतो. म्हणजे तो वापरण्याची वेळ आली तेव्हा समोरचा माणूस आधीच तुमच्यापर्यंत पोचलेला असतो, आणि त्याचे हातही तुमच्यापर्यंत पोचतात. जखम झाली म्हणून माणूस लगेच थांबतो, असंही नाही. अंगात भीती किंवा राग भिनलेला असताना आपल्याला लागलंय हे कित्येकांना काही वेळ कळतसुद्धा नाही. शिवाय चाकू लपलेला असेल तर त्याचा धाक बसत नाही. दाखवला तर भांडण एकदम वरच्या पायरीवर जातं आणि माघारीची वाट बंद होते. झटापटीत तो हिसकावला जाऊ शकतो. रक्ताने ओली झालेली मूठ निसटून स्वतःचीच बोटं कापली जातात.

म्हणून चाकू हा शेवटचा उपाय मानायचा. त्याच्या आधी बरंच काही येतं: अंतर राखणं, उजेडाच्या आणि माणसांच्या दिशेने जाणं, मोठ्याने ओरडणं, डोळे दिपवणारी छोटी टॉर्च, कर्कश आवाजाचा अलार्म, कायद्याने परवानगी असेल तिथे पेपर स्प्रे. या सगळ्यांचा मोठा गुण असा की ती लांबून काम करतात, आणि वापरताना अंदाज चुकला तरी कोणाचा जीव जात नाही. पाकीट किंवा मोबाइल मागणाऱ्याला ते देऊन निघून जाणं हेही स्वसंरक्षणच आहे. जो माणूस हे सगळं करणार नाही आणि थेट चाकू घेऊन निश्चिंत होईल, त्याने चाकू घेऊच नये, असं मला मनापासून वाटतं.

एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. 1983 साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी दाखवून दिलं की सामान्य तब्येतीचा माणूस 21 फूट, म्हणजे जवळपास साडेसहा मीटर, अंतर साधारण दीड सेकंदात धावून कापतो. तो प्रयोग पिस्तूल बाळगणाऱ्या पोलिसांसाठी होता. पण खिशात चाकू ठेवणाऱ्याने त्यातून घेण्याचा धडा आणखी कडक आहे. दीड सेकंदात धोका ओळखायचा, हात खिशाकडे न्यायचा, चाकू काढायचा, उघडायचा. इतक्या वेळात दोन पावलं बाजूला होणं किंवा मधे टेबल, गाडी, दार असं काही घेणं कितीतरी जास्त शक्य आहे.

पहिली पायरी: कायदा वाचा, ऐकीव गोष्टींवर जाऊ नका

चाकूचे कायदे देशोदेशी इतके वेगळे आहेत की इंटरनेटवर वाचलेला कोणाचाही सल्ला, अगदी माझाही, तुमच्या ठिकाणी जसाच्या तसा लागू होईल असं धरून चालू नका. किती फरक आहे बघा.

ब्रिटनमध्ये 1988 च्या फौजदारी न्याय कायद्यानुसार 3 इंचांपर्यंत धारेचा, घडीचा आणि लॉक न होणारा चाकू कारण न देता बाळगता येतो. तोच चाकू उघडल्यावर लॉक होत असेल, तर न्यायालयांनी त्याला फिक्स्ड ब्लेडच्याच रांगेत बसवलं आहे. आणि ‘स्वसंरक्षणासाठी ठेवला होता’ हे कारण तिथे सबब म्हणून चालत नाही. उलट या उत्तराने तुमची बाजू बिघडते. पेपर स्प्रेही तिथे बेकायदा आहे. जर्मनीत 2008 पासून 12 सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याचा फिक्स्ड ब्लेड आणि एका हाताने उघडून लॉक होणारा फोल्डिंग, दोन्ही रास्त कारणाशिवाय जवळ बाळगायला मनाई आहे. जपानमध्ये 6 सेंटिमीटरपेक्षा लांब पातं योग्य कारणाशिवाय सोबत ठेवणं हा गुन्हा ठरतो. भारतात 2016 च्या शस्त्र नियमांनी 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत घातले आहेत, त्यातून घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेले वगळले आहेत. पण त्याहून लहान चाकूवरही स्थानिक मनाई आदेश लागू असू शकतात. अमेरिकेत खटका दाबून उघडणाऱ्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर 1958 चा केंद्रीय कायदा आहे, आणि बाळगण्याचे नियम राज्यागणिक, काही ठिकाणी शहरागणिक बदलतात.

या उदाहरणांवरून काय तपासायचं ते दिसतं. पात्याची कमाल लांबी, आणि ती कुठून कुठपर्यंत मोजतात. लॉक चालतं का. एका हाताने उघडणं चालतं का. म्यान किंवा क्लिप दिसत असणं आणि चाकू पूर्ण लपलेला असणं, यांत फरक करतात का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाळगण्यामागचा हेतू विचारला जातो का. शाळा, न्यायालय, सरकारी इमारती, विमानतळ, स्टेडियम, काही ठिकाणी सार्वजनिक वाहनं यांचे नियम वेगळे असतात. दिवसभरात तुम्ही अशा एखाद्या ठिकाणी जात असाल तर चाकू त्या दिवसापुरता घरीच राहिला पाहिजे. प्रवेशद्वारावर काय करू, हा विचार तिथे पोचल्यावर करायचा नसतो.

स्वसंरक्षणाचा हक्क जवळपास सगळीकडे मान्य आहे, पण त्याला मर्यादा आहे: धोका तिथल्या तिथे असावा आणि बळ त्या धोक्याच्या प्रमाणात असावं. रिकाम्या हाताने धक्काबुक्की करणाऱ्यावर धारदार हत्यार चालवलं तर ते प्रमाणात होतं, हे पटवणं फार अवघड जातं. पळून जाता येत होतं का, हाही प्रश्न बऱ्याच ठिकाणी विचारला जातो. म्हणून कायदा वाचताना फक्त ‘बाळगता येतो का’ एवढंच न पाहता ‘वापरला तर काय’ हेही वाचा, आणि शंका असेल तर वकिलाला विचारा.

दुसरी पायरी: दिवसभर तो कुठे राहणार?

कायदा दोन्ही प्रकारांना परवानगी देतो असं धरून पुढे जाऊ. आता एक दिवस, शक्यतो कामाचा दिवस, स्वतःकडे लक्ष देऊन घालवा. कपडे कोणते असतात? पट्टा लावता का? कमरेला झाकणारा सैल शर्ट असतो की खोचलेला? किती वेळ बसून असता, किती वेळ गाडीत, पट्टा बांधून? मुलं अंगाखांद्यावर खेळतात का?

फिक्स्ड ब्लेडला म्यान लागतं आणि म्यानाला जागा लागते. 10 सेंटिमीटरचं पातं आणि तेवढीच मूठ म्हणजे 20 सेंटिमीटरची न वाकणारी वस्तू दिवसभर कमरेशी. उभं राहून काही जाणवत नाही. खुर्चीत बसलात की मूठ बरगडीत रुतते किंवा म्यानाचं टोक मांडीत. लोक दोन दिवसांत तो काढून बॅगेत टाकतात, आणि बॅगेतला चाकू कामाच्या वेळी मिळत नाही. म्हणून अंगावर बाळगायचा फिक्स्ड ब्लेड लहानच हवा: 6 ते 9 सेंटिमीटरचं पातं, पातळ मूठ, एकूण लांबी 18 सेंटिमीटरच्या आत. हल्ली असे आटोपशीर फिक्स्ड ब्लेड बरेच मिळतात आणि ते आडवे, पट्ट्याला समांतर लावता येतात.

घडीचा चाकू इथे सहज बाजी मारतो. मिटल्यावर तो 10-11 सेंटिमीटरचा होतो, खिशाच्या कडेला क्लिपने उभा राहतो. ही क्लिप आज इतकी सवयीची झाली आहे की ती पूर्वी नव्हती हे विसरायला होतं. स्पायडर्को या चाकू कंपनीने 1981 मध्ये आपल्या पहिल्या घडीच्या चाकूत क्लिप आणि पात्यात अंगठ्यासाठी गोल भोक एकत्र आणलं, आणि चाकू खिशाच्या तळातून वर आला. त्याआधी तो किल्ल्या आणि चिल्लर यांच्यात चाचपून शोधावा लागे. घरात मुलं असतील तर आणखी एक फरक मोलाचा आहे: मिटलेला चाकू चुकून पडला तरी पातं आत असतं. म्यानातून सुटलेला फिक्स्ड ब्लेड मात्र उघडाच पडतो.

तिसरी पायरी: हातात यायला लागणारा वेळ

फोल्डिंग चाकू उघडताना नेमकं काय काय होतं ते एकदा सावकाश करून बघा. शर्टाची कड वर. बोटं क्लिपवर. वर ओढ. आता चाकू दोन-तीन बोटांच्या टोकांवर आहे, मुठीत नाही. तो तळहातात सरकवायचा. अंगठा पात्यावरच्या खुंटीवर किंवा भोकावर नेऊन टेकवायचा. बाहेरच्या बाजूला ढकलायचं, आणि त्या वेळी बाकीची बोटं पात्याच्या वाटेतून दूर ठेवायची. खट् आवाज येऊन लॉक बसलं की नाही याची खात्री. मग कुठे पकड पक्की. निवांत असताना हे सगळं क्षणार्धात होतं. पण घाबरलेल्या माणसाच्या बोटांतली बारीक हालचालींची क्षमता सगळ्यात आधी जाते. हात थरथरतात, अंगठा खुंटीवरून घसरतो, पातं अर्धवट उघडून थांबतं. दुसऱ्या हाताने कोणाला तरी दूर लोटत असाल तर हे सगळं एकाच हाताने करायचं असतं.

फिक्स्ड ब्लेडच्या बाबतीत दोनच गोष्टी आहेत: मूठ पकडा, ओढा. पकड पहिल्यापासून पूर्ण असते. हातमोजे असोत, हात ओला असो, गारठलेला असो, फारसा फरक पडत नाही. दोन्हींत खरा फरक हाच आहे, बाकी सगळे याच्या नंतर.

फोल्डिंगची ही उणीव भरून काढायला बरेच उपाय निघाले. मागच्या बाजूला छोटं पाख असतं, ते तर्जनीने दाबलं की पातं झटक्यात उघडतं. याला फ्लिपर म्हणतात. काही चाकूंच्या पात्याच्या पाठीवर आकडा असतो, तो खिशाच्या कडेत अडकून चाकू बाहेर येता येताच उघडतो. हे काम देतं, पण सराव नसेल तर खिसा फाटतो आणि मांडी कापते. स्प्रिंगच्या मदतीने उघडणारे चाकूही आहेत, ते कायद्याच्या दृष्टीने पुन्हा तपासून घ्या. यातलं काहीही घेतलं तरी फिक्स्ड ब्लेडशी बरोबरी होत नाही, फक्त अंतर कमी होतं.

फिक्स्ड ब्लेड घ्यायचा ठरला तर

सगळ्यात आधी म्यान बघा, मग चाकू. चांगल्या चाकूला खराब म्यान मिळालं तर ती जोडी धोक्याची आहे. कायडेक्स हे तापवून साच्यावर बसवलेलं कडक प्लॅस्टिक. त्यात चाकू टिच्चून बसतो, ओढताना आवाज येतो, आणि पाण्याने त्याला काही होत नाही. चामड्याचं म्यान अंगाला मऊ आणि आवाजविरहित, पण ओल धरतं आणि पातं त्यातच ठेवलं तर गंज चढतो. काहीही घ्या, परीक्षा एकच: रिकाम्या गादीवर म्यान उलटं धरून चांगलं हलवा. चाकू सुटला नाही पाहिजे. मग एका हाताने, म्यानाला न धरता, ओढून बघा. सहज निघाला पाहिजे. या दोन्ही परीक्षांत पास होणारी म्यानं वाटतात त्यापेक्षा कमी असतात. पट्ट्याला अडकवणारी क्लिपही तितकीच महत्त्वाची. ती ढिली असेल तर ओढताना म्यानासकट चाकू हातात येतो.

मूठ कशी? बोटं पुढे घसरून धारेवर जाऊ नयेत यासाठी मूठ आणि पातं यांच्यामध्ये अडसर हवा, निदान तर्जनीसाठी खोलगट खाच तरी. हातांना साबण लावून मूठ घट्ट धरा, चाकू म्यानातच ठेवून. घसरत असेल तर परत ठेवा. गुळगुळीत शिंग, चकाकणारं लाकूड, पॉलिश केलेलं धातू दिसायला सुंदर, ओल्या हातात निरुपयोगी. जी-10 नावाचं काचतंतूंचं थरांचं मिश्रण, मायकार्टा (कापडाचे थर राळेत बसवून केलेला कडक पदार्थ) आणि खडबडीत रबर यांचा अनुभव चांगला आहे.

पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत, मुठीच्या पूर्ण रुंदीचं गेलेलं असतं त्याला फुल टँग म्हणतात. ते सगळ्यात मजबूत खरं, पण त्याचा फार बाऊ करायला नको. अमेरिकन मरीन सैनिकांनी 1942 पासून वापरलेल्या 7 इंची पात्याच्या का-बार या फिक्स्ड ब्लेड चाकूमध्ये मुठीत पोलादाची निमुळती शेपटीच असते, आणि तो युद्धातून तरून आला. लाकडं फोडायची नसतील तर नीट बनवलेली निमुळती टँगही पुरते.

घडीचा घ्यायचा ठरला तर

इथे सगळा जीव लॉकमध्ये आहे, म्हणून थोडं थांबून बघू.

ज्याला लॉकच नाही, फक्त स्प्रिंगच्या दाबाने पातं उघडं राहतं, त्याला स्लिपजॉइंट म्हणतात. पेन्सिल, दोरी, पुठ्ठा यांसाठी तो छान, पण टोकावर जोर आला किंवा पाठीवर धक्का बसला तर पातं बोटांवर मिटतं. जिथे कायद्याने फक्त हाच चालतो, तिथे स्वसंरक्षणासाठी फोल्डिंगचा विचारच सोडून द्या. तो कामाचा चाकू म्हणून ठेवा.

बॅक लॉक म्हणजे मुठीच्या पाठीवरची पट्टी पात्याच्या खाचेत बसते. बक कंपनीच्या 1964 च्या 110 या चाकूने हा प्रकार घराघरांत नेला. भक्कम आहे, डाव्या-उजव्या दोन्ही हातांना सारखा. मिटायला मात्र एका हाताने जरा कसरत होते. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी बाजूला सरकून पात्याच्या बुडामागे उभी राहते. त्याचं आजचं रूप 1980 च्या दशकात मायकेल वॉकर या कारागिराने बसवलं. फ्रेम लॉक त्याचाच जाड भाऊ: पट्टीऐवजी मुठीची एक बाजूच लॉकचं काम करते, आणि घट्ट पकडीत लॉक आणखी घट्ट होतं. आडव्या दांडीचं लॉक बेंचमेड कंपनीने 1998 मध्ये बाजारात आणलं; त्यात स्प्रिंगवर बसवलेली छोटी दांडी पात्याच्या बुडावर येऊन बसते, बोटं पात्याच्या वाटेत न आणता मिटवता येतं. ओपिनेलच्या लाकडी मुठीच्या चाकूत 1955 पासून फिरवायचं कडं आहे. ते साधं आणि विश्वासाचं, पण उघडून कडं फिरवायला दोन हात लागतात, त्यामुळे घाईच्या कामाचं नाही.

लायनर किंवा फ्रेम लॉकचा चाकू हातात घेतलात तर तो उघडून उजेडाकडे धरा आणि पट्टी कुठे बसली ते बघा. नव्या चाकूत ती पात्याच्या बुडाच्या पाव ते निम्म्या भागावर आलेली असावी. अगदी कडेवर टेकलेली असेल तर दाबाने सुटेल. पार पलीकडच्या बाजूला जाऊन भिडली असेल तर झिजायला जागाच उरली नाही. आता मूठ धरून, बोटं पात्याच्या वाटेतून बाहेर ठेवून, पाठीवर हळूहळू दाब द्या. पट्टी जराही सरकताना दिसली तर तो चाकू नको. पाठ टेबलावर आपटून लॉक तपासण्याची पद्धत दाखवणारे बरेच भेटतील. त्यात चांगलं लॉकही खराब होतं आणि एखादवेळी बोटं जातात, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

मग पातं उघडं ठेवून टोक धरा आणि डावी-उजवी, वर-खाली हलवून बघा. वर-खाली हलणं हे लॉकचं दुखणं. ते दुकानातच सोडा. डावी-उजवी थोडी हालचाल बिजागरीचा स्क्रू पाव वळसा आवळून जाते.

मिटलेल्या अवस्थेत पातं किती घट्ट बसतं, हेही बघायचं. टोक खाली करून चाकू झटका. पातं स्वतःहून बाहेर यायला लागलं तर खिशात ते हाताची वाट पाहत उघडं बसेल. क्लिप शक्यतो अशी हवी की चाकू टोक वर ठेवून राहील आणि पात्याची पाठ खिशाच्या मागच्या शिवणीला टेकेल. म्हणजे चुकून उघडायला जागाच मिळत नाही. डावखुरे असाल तर क्लिप दुसऱ्या बाजूला लावण्याची भोकं आहेत का ते आधी विचारा. बऱ्याच लायनर लॉकमध्ये भोकं असली तरी पट्टी उजव्या हातासाठीच असते.

पातं आणि पोलाद: थोडक्यात

यावर लोक तासन्‌तास बोलतात, पण स्वसंरक्षणाच्या प्रश्नात याचं वजन कमी आहे. 7 ते 9 सेंटिमीटर, साधी सरळ धार, टोकाकडे उतरती पाठ, 2.5 ते 3.5 मिलिमीटर जाडी. एवढं पुरे. दातेरी धार दोरी आणि गाडीचा पट्टा कापायला चांगली, पण घरी धार लावणं अवघड. दुधारी पातं टाळा: बऱ्याच देशांत ते खंजिरात मोजलं जातं, आणि रोजच्या कामाला पाठीवर बोट टेकवता येत नाही.

अंगाला लागून राहणाऱ्या चाकूला घामाचा त्रास धारेच्या झिजेपेक्षा जास्त. त्यामुळे स्टेनलेस घ्या. पोलादात साधारण 10.5 टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की ते स्टेनलेस समजलं जातं. 14सी28एन, व्हीजी-10, एस30व्ही ही पोलादांची नावं दिसली तर बिनधास्त घ्या. 1095 सारखं कार्बन पोलाद चिवट आहे, पण तेल विसरलात की डाग. डी2 मध्ये क्रोमियम 12 टक्क्यांच्या आसपास असूनही त्यातला बराच कर्बाशी बांधला जातो, म्हणून तेही गंजतं.

घेतल्यावर: पहिले काही दिवस खऱ्या पात्याशिवाय

अनेक कंपन्या आपल्या चाकूंची बोथट, गोल टोकाची सराव-आवृत्ती काढतात. ती मिळत असेल तर खऱ्या चाकूच्या आधी तीच घ्या. घरात, नेहमीच्या कपड्यांत, उभं राहून, खुर्चीत बसून, गाडीचा पट्टा बांधून, जॅकेट घालून, डाव्या हाताने, ओल्या हाताने काढून बघा. प्रत्येक वेळी परत ठेवण्याचाही सराव करा, आणि तो सावकाश, नजर म्यानावर ठेवून. चाकू परत घालतानाही सहज इजा होते. म्यानाचं तोंड हाताने धरायचं नाही. एखादी हालचाल कायम अडत असेल तर चाकूची जागा बदला. जागा बदलूनही अडत असेल तर तो प्रकारच तुमच्यासाठी नाही, आणि हे खर्च वाढायच्या आधी कळलं हे बरं.

हाताळण्याचं खरं शिक्षण कोणाच्या तरी नजरेखाली घ्या. चांगला शिक्षक ओळखायची खूण अशी: तो पहिले काही वर्ग चाकूला हातच लावू देत नाही, धोका ओळखणं, अंतर, निसटणं आणि पळणं शिकवतो. पहिल्याच दिवशी वार शिकवणाऱ्याकडे जाऊ नका.

सोबतच प्रथमोपचार शिका. धारदार वस्तू बाळगणाऱ्याने रक्त थांबवता आलंच पाहिजे, मग ते स्वतःचं असो, सहकाऱ्याचं असो की समोरच्याचं. जखमेवर स्वच्छ कापडाने जोरात, न उचलता दाब द्यायचा. हातापायाच्या जखमेतून रक्त उसळतच असेल तर जखमेच्या 5 ते 7 सेंटिमीटर वर, सांधा टाळून, टुर्निके (रक्तप्रवाह रोखणारा पट्टा) आवळायचा आणि वेळ लिहून ठेवायची. अमेरिकेत 2015 पासून चालू असलेल्या ‘स्टॉप द ब्लीड’ मोहिमेने हेच सामान्य माणसांना शिकवायला घेतलं, आणि असे वर्ग आता बऱ्याच देशांत भरतात.

देखभाल

घडीच्या चाकूत खिशातली धूळ आणि कापडाचे धागे लॉकच्या फटीत जाऊन बसतात. लॉक ‘अचानक’ नीट बसेनासं झालं की बऱ्याचदा कारण हेच असतं. दोन-तीन आठवड्यांतून एकदा कापूस गुंडाळलेल्या काडीने फट साफ करा, बिजागरीत पातळ तेलाचा एक थेंब, स्क्रू ढिले नाहीत ना बघा. तेल जास्त झालं तर धूळ आणखी चिकटते. फिक्स्ड ब्लेडचं म्यान महिन्यातून एकदा उलटं करून झटका, त्यात अडकलेला वाळूचा कण पात्यावर रेघा ओढत राहतो. घामाचे दिवस असतील तर संध्याकाळी पातं कोरड्या फडक्याने पुसणं पुरतं.

धार 1000 ग्रिटच्या (मध्यम खरखरीतपणाच्या) दगडावर, दोन्ही बाजूंना साधारण 20 अंशांनी, हलक्या हाताने. दिवसा तो चाकू पार्सल उघडायला, दोरी कापायला वापरत असालच, तेव्हा धार कधी गेली हे तुम्हाला आपोआप कळेल. घरी आल्यावर त्याची एक ठरलेली, कुलपाची जागा असू द्या, आणि घरातल्या मोठ्यांना ती माहीत असू द्या. विमानप्रवासाच्या आदल्या रात्री बॅगेचे सगळे कप्पे आणि जॅकेटचे खिसे एकदा हाताने चाचपून बघा. चाकू सोबत न्यायचाच असेल तर तो पात्याला आवरण घालून चेक-इनच्या सामानात, आणि उतरायच्या देशाचा नियम वाचून.